नववीचा उंबरठा

मे महिन्याच्या सुरुवातीला चेन्नईत ‘अग्नि नक्षत्र’ लागते. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसू नये असे ऊन असते. तरीही वह्या-पुस्तके, गणवेश आणि बूट यांच्या दुकानांत याच दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. पहिली-दुसरीतली मुले नव्या दप्तरावर खूश असतात. मात्र त्या गर्दीत आईच्या मागे अवघडून उभी असलेली तेरा-चौदा वर्षांची मुले लगेच ओळखू येतात. आईने भाव केलेला त्यांना आवडत नाही. दुकानदाराने ‘कितवीत?’ असे विचारले की ती हळू आवाजात ‘नववी’ म्हणतात. ते ऐकताच दुकानदारापासून शेजारच्या गिऱ्हाइकापर्यंत सगळे एकदम गंभीर होतात. ‘म्हणजे आता खेळणे बंद!’ असा सल्ला फुकटात मिळतो.

गेली अकरा वर्षे मी या शहरात राहते आहे. बदलीच्या नोकरीमुळे आलेली मराठी कुटुंबे, सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी सांगली जिल्ह्यातून आलेली कुटुंबे आणि तंजावरच्या मराठ्यांच्या काळापासून इथेच रुजलेली घरे अशा तिन्ही प्रकारच्या घरांत माझे जाणे-येणे आहे. घरे वेगळी, भाषेचा लहेजा वेगळा; पण मूल नववीत जायला निघाले की तिन्ही घरांतली काळजी अगदी सारखी असते. या काळजीपोटी पालक जे काही करतात त्यातले बरेचसे मुलाच्या उपयोगी पडत नाही आणि जे उपयोगी पडेल ते करायचे राहून जाते, असे मला वारंवार दिसून आले आहे.

नववीत असे वेगळे काय आहे?

तामिळनाडूत सहावी ते आठवी म्हणजे मिडल स्कूल आणि नववी-दहावी म्हणजे हायस्कूल. अकरावी-बारावीला इथे प्लस वन, प्लस टू म्हणतात आणि १९७८ सालापासून हे वर्गही शाळेतच भरतात. महाराष्ट्रात दहावीनंतर मुले गणवेश टाकून कॉलेजात जातात. इथे सतरा वर्षांचा मुलगाही इस्त्रीचा गणवेश घालून प्रार्थनेच्या रांगेत उभा असतो. म्हणजेच नववीत निवडलेली शाळा पुढची चार वर्षे तीच राहण्याची शक्यता असते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास बंदी केली होती. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीबाबत निर्णय घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा सुरू केली. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शाळांसाठी नियम बदलला. तामिळनाडू सरकारने मात्र आपल्या शाळांत आठवीपर्यंत नापास न करण्याचेच धोरण ठेवले.

याचा अर्थ असा की इथल्या अनेक मुलांच्या आयुष्यात ‘नापास’ हा शब्द खऱ्या अर्थाने प्रथमच येतो तो नववीत. आठ वर्षे जे मूल कमी-अधिक गुण मिळवून पुढे सरकत आले, त्याला अचानक कळते की आता थांबवले जाऊ शकते. विषयांचा भारही याच वर्षी वाढतो. बीजगणित गंभीर होते, विज्ञानात सूत्रे येतात, उत्तरे लांब लिहावी लागतात. आणि नेमक्या याच वर्षी मुलाचा आवाज फुटत असतो, मुलीच्या शरीरात बदल होत असतात, मित्रांचे मत आईच्या मतापेक्षा मोठे वाटू लागते. एकाच उंबरठ्यावर एवढ्या गोष्टी एकदम उभ्या असतात.

अकरा गुणांची उत्तरपत्रिका

माझ्या नणंदेच्या यजमानांची नाशिकहून चेन्नईला बदली झाली, तेव्हा त्यांचा मुलगा नुकताच आठवी उत्तीर्ण झाला होता. नाशिकला तो सेमी-इंग्रजीत होता आणि ऐंशी टक्क्यांच्या खाली कधी आला नव्हता. इथे त्याला केंद्रीय मंडळाच्या एका शाळेत प्रवेश मिळाला. या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. घर आवरून, सामान हलवून ही मंडळी जूनमध्ये आली, तोपर्यंत दोन-तीन धडे शिकवून झाले होते. शिवाय ‘फ्रेंचमध्ये गुण चांगले मिळतात’ असे कोणीतरी सांगितल्यामुळे दुसरी भाषा म्हणून त्याला फ्रेंच घेऊन दिली गेली. त्या भाषेचे एक अक्षरही त्याने पूर्वी वाचले नव्हते.

जुलैत पहिली चाचणी झाली. गणितात चाळीसपैकी अकरा गुण मिळाले. ती उत्तरपत्रिका घरी पोहोचलीच नाही. क्रिकेटच्या किटमध्ये पॅडखाली राहिली. वर्गशिक्षिकेचा फोन आला तेव्हा घरात जे व्हायचे ते झाले. वडील ओरडले, आई रडली, मोबाइल कपाटात गेला, सायंकाळच्या दोन शिकवण्या ठरल्या. मुलगा मात्र गप्प. जेवायला बसायचा, ताटातले संपवायचा आणि उठून जायचा.

‘वहिनी, हा पूर्वी असा नव्हता हो,’ नणंद माझ्याकडे येऊन म्हणाली. ‘काही विचारले की नुसता भिंतीकडे बघतो.’

आमच्या मजल्यावर एक निवृत्त गणित शिक्षिका राहतात. सगळी इमारत त्यांना मामी म्हणते. तमिळमध्येही मामीला मामीच म्हणतात, त्यामुळे आमच्या भाच्याला एकाच मजल्यावर दोन मामी मिळाल्या. एका संध्याकाळी त्यांनी त्याला कॉफीला बोलावले. त्याच्या हाती स्टीलचा टंबलर देत त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला. ‘कण्णा, तुला समजेनासे झाले ते पहिले पान कोणते?’

हा प्रश्न त्याला तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता. ‘गुण का कमी पडले?’ असे सगळ्यांनी विचारले होते. नेमके कुठे अडले, हे कोणी विचारले नव्हते. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग जे बोलला ते ऐकून आम्ही चकित झालो. गणित त्याला अवघड जात नव्हते. बाई इंग्रजीत शिकवत, पण शंका आली की मुले तमिळमध्ये विचारत आणि बाईही तमिळमध्येच समजावून सांगत. सारा वर्ग मान डोलवायचा आणि हा तेवढा कोरा राहायचा. इंग्रजीत विचारायला उभा राहिला तर मुले त्याच्या उच्चारांना हसतील, ही भीती होती. म्हणून त्याने विचारणेच सोडून दिले होते.

उपाय साधा निघाला. शिकवण्या बंद झाल्या. रोज चाळीस मिनिटे तो मामींकडे जाऊ लागला. त्या शिकवत नसत. त्यांना तो त्या दिवशीचा पाठ समजावून सांगत असे. जिथे त्याला सांगता येत नसे, तिथे पेन्सिलीने खूण होई. त्या खुणेचा प्रश्न दुसऱ्या दिवशी इंग्रजीत कसा विचारायचा, ते वाक्यही मामी तयार करून देत. फ्रेंचऐवजी हिंदी घेण्याचा अर्ज वडिलांनी शाळेत दिला आणि मंडळाकडे नोंदणी व्हायची असल्यामुळे तो मंजूर झाला. घरात रोज रात्री होणारी उलटतपासणी थांबली. त्याऐवजी रविवारी सकाळी अर्धा तास आई, वडील आणि मुलगा एकत्र बसून आठवड्याचा आढावा घेऊ लागले.

मुलगा काही पहिला आला नाही. वार्षिक परीक्षेत गणितात त्याला शंभरपैकी अठ्ठावन्न गुण मिळाले. पण ती उत्तरपत्रिका त्याने स्वतः आणून आईच्या हातात दिली. माझ्या मते त्या वर्षाचा खरा निकाल हा होता. वाईट बातमी घेऊन मूल घरी येऊ शकते का, हीच नववीत जाणाऱ्या मुलाच्या घरची खरी परीक्षा असते.

भाषेचा प्रश्न आधी सोडवा

तामिळनाडूत येणाऱ्या मराठी पालकांनी भाषेची चौकशी प्रवेशाच्या आधी करावी, नंतर नव्हे. राज्य सरकारने २००६ साली तमिळ भाषा शिकण्याचा कायदा केला. त्याप्रमाणे २००६-०७ मध्ये पहिलीपासून तमिळ सक्तीची झाली आणि दरवर्षी एक इयत्ता पुढे सरकत २०१५-१६ मध्ये ती दहावीपर्यंत पोहोचली. २०१५-१६ पासून इतर मंडळांच्या शाळांनाही टप्प्याटप्प्याने हा नियम लावण्यास सुरुवात झाली. नववीत एकदम बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या मुलाला कोणती सवलत मिळेल, कोणती भाषा घेता येईल आणि ती बारावीपर्यंत शाळेत शिकवली जाते का, हे शाळेकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

परीक्षेसाठी नसली तरी थोडी तमिळ मुलाने अवश्य शिकावी. तमिळ लिपीत बारा स्वर, अठरा व्यंजने आणि एक आयुध अक्षर आहे. क, ख, ग, घ या चारही उच्चारांना एकच अक्षर असल्यामुळे आपल्या मुलांना सुरुवातीला गंमत वाटते आणि नंतर गोंधळ होतो. पण ‘ळ’चा उच्चार आपल्या मुलांना आधीच येतो, अण्णा आणि अक्का हे शब्दही घरचेच असतात. बसवरची पाटी वाचता येऊ लागली की मुलाचा अर्धा परकेपणा जातो. वर्गात एक विनोद समजला की उरलेला जातो.

गावी पाठवायचे की जवळ ठेवायचे?

सौकारपेठेत मिंट स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्यांत सोने-चांदी गाळणारी अनेक मराठी घरे आहेत. खानापूर, आटपाडी या तालुक्यांतून ही माणसे दक्षिणेत आली. एका लेखाच्या निमित्ताने मी अशा एका घरी गेले असता तिथे मोठा पेच पडला होता. मुलगी आठवीत होती. तिने नववीपासून गावी आजी-आजोबांकडे राहून शिकावे असे वडिलांचे मत होते. ‘पोर मोठी झाली. इथं एका खोलीत धंदा, एका खोलीत संसार. गावाकडं नातेवाईक आहेत, लक्ष राहील,’ असे ते म्हणत होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही.

मी मुलीशी बोलले. ती पहिलीपासून इथल्याच शाळेत होती. घरी मराठी छान बोलायची, पण मराठीत एक पानभर निबंध तिने कधी लिहिला नव्हता. गावच्या शाळेत तिला विज्ञान आणि भूगोलाची उत्तरे मराठीत लिहावी लागणार होती. तेही नववीत, म्हणजे दहावीच्या परीक्षेला जेमतेम दोन वर्षे उरलेली असताना. ‘बापूंना सांगितलेस का?’ असे विचारले तर म्हणाली, ‘त्यांनी विचारलंच नाही.’

पुढे त्या घरी पुष्कळ चर्चा झाली. आजोबा गावाहून येऊन राहिले. शेवटी मुलगी चेन्नईतच राहिली, मात्र तिच्या अभ्यासासाठी संध्याकाळी सहा ते आठ पुढची खोली मोकळी ठेवायची, असे ठरले. वडिलांसाठी हा त्याग लहान नव्हता, कारण गिऱ्हाइके त्याच वेळी येतात. ती आता दहावीत आहे. दुसऱ्या एखाद्या घरात गावी पाठवणे हाच योग्य निर्णय ठरू शकेल. पण निर्णय कोणताही असो, ज्याने दप्तर उचलायचे आहे त्याला एकदा विचारायला हवे.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूल कोणत्या राज्यात शिकले यावर बारावीनंतरचे प्रवेश काही अंशी अवलंबून असतात. तामिळनाडूत अभियांत्रिकीच्या प्रवेशात आठवी ते बारावी याच राज्यात झालेल्यांना रहिवासाच्या दाखल्याची गरज पडत नाही. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी तिथूनच झालेली असणे साधारणपणे पाहिले जाते. बदलीच्या नोकरीतील काहींना त्यात सवलत असते. हे नियम बदलत राहतात. म्हणून नववीतच दोन्ही राज्यांची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी.

मराठी मुलाने शिक्षणासाठी या शहरात येणे तसे नवे नाही. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांचा जन्म १७७७ सालचा. राज्याचा वाद पेटल्यावर १७९३ साली, म्हणजे आजच्या नववी-दहावीच्या वयात, त्यांना मद्रासला आणले गेले आणि गेरिके या जर्मन मिशनऱ्याकडे त्यांचे शिक्षण झाले. १७९८ साली ते गादीवर बसले. पुढे त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि नवविद्या शिकवणाऱ्या शाळा काढल्या. परक्या शहरातले, परक्या भाषेतले शिक्षण त्या मुलाला घडवू शकले, कारण त्याच्यावर मनापासून लक्ष देणारे कोणी तरी होते.

‘फाउंडेशन’चा मोह

नववी जवळ आली की वर्तमानपत्रातून आणि बसथांब्यावरच्या फलकांवरून ‘फाउंडेशन’ वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. २०१७ पासून तामिळनाडूतही वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ लागू झाली, तेव्हापासून हा मोह फारच वाढला आहे. तेरा वर्षांच्या मुलाला डॉक्टर व्हायचे आहे की नाही हे ठरण्याआधीच त्याच्या सुट्टीचे हप्ते भरले जातात.

या परीक्षांचा मुख्य अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा असतो. नववीत पाया पक्का करायचा तर तो शाळेच्या पुस्तकातूनच होतो. पुस्तकातले प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवणे, विज्ञानातली व्याख्या आपल्या शब्दांत लिहिणे, रोज दोन पाने इंग्रजी वाचणे, एवढे ज्याला जमले त्याचा पाया कोणत्याही वर्गाशिवाय पक्का आहे. ज्याला जमत नाही त्याला आणखी एक वर्ग लावल्याने फक्त आणखी एका ठिकाणी न समजता बसावे लागते. शिकवणी लावायचीच झाली तर ती एका विषयाची, ठरावीक अडचणीसाठी आणि ठरावीक मुदतीची असावी.

शाळा उघडण्यापूर्वी

काही कामे सुट्टीतच उरकून घ्यावीत.

पहिले काम नावाचे. तामिळनाडूत आडनाव लावण्याची पद्धत फारशी नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात. त्यामुळे आपल्या मुलांच्या नावाची शाळेच्या दप्तरात हमखास मोडतोड होते. कुठे आडनाव आद्याक्षर बनते, कुठे वडिलांचे नाव आडनाव बनते. केंद्रीय मंडळाची नोंदणी नववीतच होते आणि तेच नाव, तीच जन्मतारीख पुढे प्रमाणपत्रावर येते. नंतर ती बदलून घेणे हे मोठे जिकिरीचे काम आहे. म्हणून जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद यांत एकच नाव आहे ना, हे अर्ज पाहून, एकेक अक्षर वाचून पडताळावे. नोंदणीच्या वेळी घेतलेले विषयही दहावीत सहजासहजी बदलता येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरे काम रस्त्याचे. शाळा बस किंवा लोकलच्या अंतरावर असेल तर सुट्टीत दोनदा मुलाबरोबर जावे आणि तिसऱ्यांदा त्याला एकट्याला जाऊ द्यावे. बस चुकली तर काय करायचे, कोणाला फोन करायचा, हे आधी बोलून ठेवावे. जे मूल एकटे शाळेत पोहोचू शकते, त्याचा धीर वर्गातही दिसतो.

तिसरे काम झोपेचे. या वयात आठ ते दहा तास झोप हवी असते आणि नेमकी याच वयात झोप उशिरा येऊ लागते. सकाळी न उठणारे मूल आळशीच असते असे नाही. रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायचा असा नियम करायचा असेल तर तो आई-वडिलांनीही पाळावा. नाहीतर तो नियम राहत नाही, शिक्षा होते.

चौथे काम पावसाचे. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, मुले आनंदतात आणि सहामाही परीक्षा मात्र डिसेंबरमध्येच असते. २०१५ च्या डिसेंबरमधील पुरात आणि २०२३ च्या डिसेंबरमधील मिचाँग वादळात शाळा कितीतरी दिवस बंद राहिल्या होत्या. वह्या-पुस्तके उंच फळीवर ठेवणे आणि सप्टेंबरपर्यंत निम्मा अभ्यास हातावेगळा करणे, ही चेन्नईची खास शिस्त आहे.

आणि पाचवे काम बोलण्याचे. मुलीशी मासिक पाळीबद्दल, मुलाशी त्याच्या शरीरातल्या बदलांबद्दल घरात कोणी तरी मोकळेपणाने बोलले पाहिजे. आई-वडिलांना संकोच वाटत असेल तर आत्या, मावशी, मामा यांनी बोलावे. घरात जे सांगितले जात नाही ते मुले बाहेरून शिकतात आणि ते बरोबर असेलच असे नाही.

मुलांनो, थोडे तुमच्याशी

वर्गात पहिल्या आठवड्यात एक तरी प्रश्न विचारा. प्रश्न लहान असला तरी चालेल. ज्याने पहिल्या आठवड्यात तोंड उघडले त्याला वर्षभर बोलणे सोपे जाते. एक तरी खेळ किंवा छंद सोडू नका; नववीत खेळ बंद करणाऱ्याचे गुण वाढलेच पाहिजेत असा काही नियम नाही. मित्र निवडताना एवढेच पाहा की त्याच्यासमोर तुम्हाला ‘मला हे येत नाही’ असे म्हणता येते का. आणि उत्तरपत्रिका लपवावीशी वाटली, तर ती निदान एका मोठ्या माणसाला दाखवा. आईला नाही तर आत्याला, बाबांना नाही तर शेजारच्या मामींना. लपवलेला कागद दिवसेंदिवस जड होत जातो. दाखवला की तो पुन्हा साधा कागद होतो.

गप्प बसणाऱ्या मुलाकडे पाहा

नववीत प्रत्येक मूल थोडे चिडचिडे होते, त्याने घाबरण्याचे कारण नाही. पण मूल दोन-तीन आठवडे नीट जेवत नसेल, झोपत नसेल, मित्रांना टाळत असेल, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखत असेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असे म्हणत असेल, तर ते नाटक समजू नये. शाळेच्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोलावे. तामिळनाडूच्या शिक्षण खात्याची १४४१७ ही मार्गदर्शन सेवा आहे. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे क्रमांक देशभर चालतात. ते फ्रिजवर, दूधवाल्याच्या नंबराशेजारी लिहून ठेवावेत. म्हणजे त्यात लपवण्यासारखे काही नाही हे मुलाला न सांगता समजते.

या बाबतीत चेन्नईने काही चांगले धडे दिले आहेत. १९८६ साली इथे स्थापन झालेल्या ‘स्नेहा’ या आत्महत्या प्रतिबंधक संस्थेच्या संस्थापक डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी एक साधी गोष्ट लावून धरली होती. नापास झालेल्या मुलांचे वर्ष वाया न घालवता त्यांची लगेच पुन्हा परीक्षा घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. अशा पुरवणी परीक्षा या राज्यात सुरू झाल्या. २०१७ पासून तामिळनाडू सरकारने बोर्डाच्या परीक्षेत पहिला, दुसरा, तिसरा अशी नावे जाहीर करणेही थांबवले. एका अपयशाने दार कायमचे बंद होत नाही, हे एका राज्याने आपल्या नियमांतून मान्य केले. तेच आपल्याला आपल्या घरात का मान्य करता येऊ नये?

आठवीपर्यंत आपण मुलाचा हात धरून चालतो. नववीत तो हात सोडायचा नसतो, पण पकड सैल करायची असते. मुलाला पुढे चालू द्यायचे आणि आपण एवढ्या अंतरावर राहायचे की त्याने मागे वळून पाहिले तर आपण दिसू. यंदा तुमच्या घरातले कोणी नववीत जात असेल, तर शाळा उघडल्यावर पहिल्या संध्याकाळी ‘काय शिकवले?’ असे विचारू नका. ‘कुठे अडले?’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कदाचित ते त्या दिवशी येणार नाही. चार दिवसांनी, रात्री स्वयंपाकघर आवरताना येईल. तेव्हा हातातले भांडे खाली ठेवून ऐका.